निंगव्वाची किनार

मित्रांनो, मी एक जुना माग आहे. पण माग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं जो उभा राहतो, खोलीभर पसरलेला, खड्ड्यात पाय सोडून चालवायचा, दिवसभर खटक खटक करणारा, तो मी नव्हे. मी आहे फक्त हातभर लांब. मला खड्डा लागत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाची मांडी मिळाली की माझं घर झालं. माझ्यावर कुणी कधी लुगडं विणलं नाही, आणि माझ्यावरचं कापड कधी बाजारात गेलं नाही. तरी सोलापुरात, विणकरांच्या गल्लीत मी माझा जन्म काढला आहे. तेव्हा मला माग म्हणवून घ्यायला कुणाची हरकत नसावी.

माझं लाकूड सागाचं. ते आधी एका खऱ्या मागाच्या पायात होतं. तो माग मोडला आणि लाकूड जोतीराम सुताराच्या दुकानाबाहेर ऊन खात पडलं. कोंबड्या त्यावर बसत. चुलीत जायचं एवढंच त्याच्या नशिबी राहिलं होतं. अशात एके दिवशी मथुराबाई दुकानाशी आल्या.

मथुराबाई तेव्हा नवीन लग्न होऊन सोलापुरात आलेल्या. त्यांचे यजमान म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर होते. बाईंनी स्वतः पुण्याला लहान मुलांना शिकवायचं शिक्षण घेतलं होतं. आमच्या गल्लीत त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी पाहिलं, की आई उभ्या सुताचा ताणा करते आहे, बाप मागावर आहे, आणि रांगतं-चालतं पोर मागाच्या खांबाला जुन्या लुगड्याच्या धडप्यानं बांधलेलं आहे. बांधणाऱ्यांचाही इलाज नव्हता. सुटं सोडलं तर पोर खड्ड्यात पडायचं नाहीतर सूत तोडायचं. पण बाईंना रात्रभर म्हणे झोप आली नाही. मग त्यांनी गल्लीच्या टोकाच्या मठातल्या स्वामींना विचारून मठाची एक ओवरी मागून घेतली, आणि तिथं तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा बालवर्ग सुरू केला.

त्या वर्गासाठी त्यांना मी हवा होतो. कसा हवा ते त्या जोतीरामाला हातवारे करून सांगत होत्या. एवढा लांब, एवढा रुंद, दोन्ही टोकांना बारीक खिळ्यांची ओळ. जोतीरामानं सगळं ऐकून घेतलं, कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, “उंदराला लुगडं विणायचंय व्हय, बाई?”

बाई हसल्या. पण जोतीरामानं काम मात्र हसण्यावारी नेलं नाही. चार पट्ट्या कापल्या, खाचा पाडून एकमेकींत बसवल्या. फुटक्या काचेच्या तुकड्यानं माझ्या कडा घासघासून अशा गुळगुळीत केल्या की तान्ह्या बाळाच्या गालावरून फिरवलं तरी ओरखडा उठू नये. शेवटी करडईचं तेल चोळलं. धोटा म्हणून बांबूची एक चपटी कामटी दिली, तिला सूत ओवायला भोक पाडलं. आणि विणलेलं सूत ठोकून बसवायला कुणाच्यातरी घरची, दात पडलेली लाकडी फणी मिळाली. झाला माझा संसार.

मित्रांनो, माझा हंगाम म्हणजे वसंताचा. बाकीच्या दिवसांत मुलं मातीचे बैल करीत, दिवाळीत किल्ले करीत, आणि मी कोनाड्यात बसून बघत असे. शिवरात्र झाली, ऊन जरा चटके देऊ लागलं की मंगळवेढ्याकडून कडब्याच्या गाड्या शहरात येऊ लागत. गाडी मठावरून गेली की मागं ज्वारीची दोनचार ताटं रस्त्यात पडलेली असायची. मुलं ती पळत जाऊन उचलत. बाई त्यांची साल सोलून द्यायच्या. आतला पांढरा, हलका गाभा निघाला की त्याचे तुकडे करायचे आणि सुतात ओवायचे. त्या झाल्या पाडव्याच्या गाठी. साखरेच्या नसल्या म्हणून काय झालं. त्या अगदी तशाच दिसत. एखादं पोर चाटूनही बघे, आणि तोंड वाकडं करी. सालीच्या पट्ट्यांचे चष्मे व्हायचे. सगळा वर्ग चष्मे लावून गंभीर चेहऱ्यानं बसला की मठातले स्वामीसुद्धा जपमाळ थांबवून बघत.

मग होळी. अक्कलकोटकडच्या बायका डोक्यावर पळसाच्या फुलांच्या पाट्या घेऊन येत. बाई ती फुलं मोठ्या पातेल्यात उकळायच्या, त्यात तुरटीचा खडा टाकायच्या. मुलांच्या घरून आलेलं पांढरं सूत, मागावर उरलेल्या दशा, तुटकी टोकं, सगळं त्या पाण्यात बुडवायचं. मुलांचे कोपरापर्यंत हात केशरी. ओवरीच्या खांबांना दोऱ्या बांधून ते सूत वाळत घातलं की वाटायचं, ओवरीच कुणाच्या लग्नाला निघाली आहे.

आणि रंगपंचमी झाली की माझी पाळी. बाई माझ्या खिळ्यांवर उभा ताणा भरायच्या. मग एकेक मूल मांडीवर घेऊन मला विणायचं. एक सूत वर, एक सूत खाली. प्रत्येकानं बोटभर पट्टा विणायचा. सगळ्यांचे पट्टे झाले की हातभर कापड तयार. ते पाडव्याला वर्गाच्या गुढीला बांधायचं. गुढीही मुलांएवढीच उंच. वर तांब्याऐवजी पालथं फुलपात्र.

पहिली दोनतीन वर्षं माझं फार कौतुक झालं. शाळाखात्यातल्या एक बाई आल्या, त्यांनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. जोतीराम तर दर पाडव्याला मुद्दाम येऊन माझे सांधे हलवून बघे आणि स्वतःवरच खूश होऊन जाई.

मग मथुराबाई बाळंतपणाला माहेरी गेल्या. बाळ अशक्त होतं, त्यांची स्वतःची प्रकृती उतरली, आणि वर्ग बंद पडला तो पडलाच. त्यानंतर दोन वसंत आले आणि गेले. मला त्या काळात कुणी फेकलं नाही, पण कुणी उचललंही नाही. मठातल्या झाडलोट करणाऱ्यानं मला खिडकीला टेकू म्हणून लावलं. पावसानं माझे खिळे गंजले. एक सांधा सैल झाला. पारवे माझ्यावर बसून जे करायचं ते करीत. मित्रांनो, निकामी होण्याचं दुःख मोठं नसतं. आपण कामाचे आहोत हे एकालाही आठवू नये, हे दुःख मोठं. मुलं तर रोज समोरून जायची. पण ती नवी मुलं होती, मी त्यांना खिडकीचं लाकूड वाटत होतो.

बाई परत आल्या त्या कडेवर लेकीला घेऊन. आल्या आल्या त्यांनी खिडकीतून मला काढलं. पदरानं पुसलं. लेकीची झोळी ओवरीच्या दोन खांबांना बांधली, एका पायानं झोळीला झोका देत चिंच आणि राखेनं माझा एकेक खिळा घासला. पुन्हा करडईचं तेल. त्या दिवशी मला कळलं की बाईंचे हात बदलले आहेत. आधी ते मास्तरणीचे होते. आता ते जरा वेळ थांबून मग स्पर्श करीत.

त्या वर्षी वर्गात निंगव्वा होती. तिचीच गोष्ट मला सांगायची आहे.

निंगव्वा पाच वर्षांची व्हायला आली होती. तिचे वडील गुरुबसप्पा म्हणजे गल्लीतले नावाजलेले विणकर. कापड कसं झालं आहे हे ते डोळ्यांनी बघत नसत. अंगठा किनारीवरून फिरवत आणि सांगत. आई दानम्मा. ती ताणा करायची, रांधायची, धुवायची, आणि वर कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची नळी, तिच्यावर सूत गुंडाळलेलं असतं. माग चालू असला की तो सारख्या कांड्या खातो. त्या रहाटावर, चाक फिरवून, भराव्या लागतात, आणि ते काम घरातल्या म्हाताऱ्यांचं आणि पोरांचं. त्यांच्या घरी ते काम निंगव्वाची आजी करायची. पण त्या वर्षी आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सूत दिसेना. दानम्माचे हात पुरेनात. भरलेली कांडी नाही म्हणून गुरुबसप्पांचा माग मधूनमधून उपाशी उभा राहू लागला.

तेव्हा त्यांनी ठरवलं. पाडव्याचा मुहूर्त चांगला. पाडव्याला निंगव्वा रहाटावर बसेल, तिची पहिली कांडी भरेल, आणि तिचा बालवर्ग बंद.

दानम्मानं ही गोष्ट बाईंना रंगपंचमीच्या दिवशी सांगितली. मुलीला न्यायला आली होती. बाई सूत वाळत घालत होत्या. दानम्माही न सांगता एक टोक धरून उभी राहिली. गुरुबसप्पांबद्दल ती वाईट बोलली नाही. ते स्वतः ह्याच वयात रहाटावर बसले होते, त्यांचे वडीलही. गल्लीत हे असंच चालतं. ती एवढंच म्हणाली, “एकदा रहाटावर बसलं की कुणी उठत न्हाय, बाई. मी सा वर्षांची बसले, ती आजून बसलीय.”

बाईंनी तिच्याकडं बघितलं, मग झोळीतल्या लेकीकडं.

त्या दिवसापासून बाईंच्या मनानं एक गोष्ट घेतली. निंगव्वाचं बोट सुतावर छान बसलं आहे, हे त्यांनी गाठी ओवतानाच पाहिलं होतं. वडिलांनी लेकीची ही करामत डोळ्यांनी पाहिली तर त्यांना अभिमान वाटेल, आणि आणखी एक वर्ष ते तिला वर्गात ठेवतील, अशी त्यांची समजूत. आमच्या बाई फार चांगल्या, फार शिकलेल्या. पण विणकराच्या घरात सरळ किनारीचा अर्थ काय होतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

निंगव्वाची पाळी आली तेव्हा तिनं मला मांडीवर घेतलं आणि जीभ दातांत धरली. बाकीच्या मुलांचे हात माझ्यावर नाचत. कुणी सूत ओढून ताणी, कुणी सैल सोडी, कुणी मध्येच एक घर चुकवून पुढं जाई आणि बाई ते तसंच राहू देत. निंगव्वाचा हात मात्र चालला तो मोठ्या माणसासारखा. सूत घातलं, फणी ठोकली, अंगठा कडेवरून फिरवला. पुन्हा सूत, पुन्हा फणी, पुन्हा अंगठा. तिचा पट्टा पुरा झाला तेव्हा त्याची कड ओळंबा धरावा तशी सरळ होती.

संध्याकाळी दानम्मा आली. बाईंनी मोठ्या आनंदानं मला तिच्यापुढं धरलं. दानम्मानं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

“लई सरळ आलीय,” ती म्हणाली. हे शब्द कौतुकाचे होते, पण तिनं ते तशा आवाजात म्हटले नाहीत. बाईंना ते कळलं नाही. मला कळलं, कारण माझं लाकूड आधी विणकराच्या घरात राहून आलं आहे. हात बसला, म्हणजे पोर कामाला आली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांचे पट्टे झाले होते. फक्त सिद्धनाथचा राहिला होता. सिद्धनाथ टांगेवाल्याचा मुलगा. त्याला खोकला झाला होता म्हणून तो मधले दिवस आलाच नव्हता. पाडव्याला वर्ग नसे, नुसती गुढी उभारायची, म्हणून बाईंनी शेवटचा पट्टा ह्या आदल्या दिवसासाठी राखून ठेवला होता. त्यांनी कोनाड्यातून मला काढलं आणि सिद्धनाथला हाक मारली. तोही हौसेनं पुढं आला.

एवढ्यात निंगव्वा उठली. तिनं बाईंच्या हातातून मला ओढून घेतलं, खाली बसली आणि परकराखाली झाकलं.

“ब्याड, ब्याड,” ती म्हणाली. रागावली की तिला मराठी सुचत नसे, आईची कानडीच तोंडात येई. ब्याड म्हणजे नको.

बाईंना वाटलं ही सिद्धनाथला पाळी देत नाही. त्यांनी समजूत घातली. मग विणकरांच्या बाकीच्या पोरांनीही आपापले हात काखेत घातले. निंगव्वा बाईंना समजावून सांगू लागली, जसं लहान मुलाला सांगावं तसं. “आज आमावास्या. आमावास्येला माग झोपतो. त्याला उठवायचं न्हाय.”

बाईंना आठवलं. वर्षभर दर अमावास्येला गल्लीतल्या मागांचा खटका बंद असतो हे त्यांनी ऐकलं होतं, पण हा नियम हातभर मागालाही लागू असेल हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्या नियोजनात ही अमावास्या नव्हतीच. सिद्धनाथ रडकुंडीला आला. तो टांगेवाल्याचा, त्याला कसलं बंधन. बाईंनी ठरवलं असतं तर त्याच्याकडून पट्टा पुरा करून घेता आला असता. पण निंगव्वाच्या परकराखाली मी होतो, आणि ती मला थोपटत होती. झोपलेल्याला थोपटतात तसं. बाईंनी सिद्धनाथला आपल्याजवळ बसवून घेतलं. कापड अपुरं राहिलं.

मग त्यांच्या मनात आलं, की आज माग बंद म्हणजे गुरुबसप्पा मोकळे. दाखवायचं तर आजच. उद्या मुहूर्त. त्या तशाच त्यांच्या घरी गेल्या. गुरुबसप्पा ओट्यावर बसले होते. कामाच्या माणसाला सुट्टीच्या दिवशी हातांचं काय करायचं ते कळत नाही, तसे. बाईंनी विनंती केली की वर्गातलं काम एकदा बघून जा.

“माग झोपला म्हंजे मालक रिकामाच,” ते म्हणाले, आणि डोक्याला रुमाल गुंडाळून आले. मागोमाग दानम्मा आली. ती खांबाआड उभी राहिली, पदराचं टोक दातांत धरून.

गुरुबसप्पा ओवरीत मांडी घालून बसले. बाईंनी मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. मित्रांनो, एवढ्या मोठ्या मांडीवर मी पहिल्यांदाच बसलो. त्यांनी आधी माझे सांधे दाबून पाहिले, मग उजव्या हाताचा अंगठा कापडाच्या कडेवर टेकवला आणि खालून वर नेऊ लागले. मुलांच्या पट्ट्यांवरून अंगठा बैलगाडीसारखा चालला. आत, बाहेर, खड्डा, उंचवटा. आणि मग एका पट्ट्यावर तो तेल लावलेल्या वाटेवरून गेल्यासारखा गेला. अंगठा थांबला. मागं आला. पुन्हा त्याच वाटेनं गेला.

“हे कुणाचं?” त्यांनी विचारलं.

निंगव्वाला वाटलं, अप्पा सगळ्या कापडाबद्दल विचारताहेत. ती त्यांच्या गुडघ्याशी उकिडवी बसली आणि खालपासून सुरुवात केली.

“हे बजीचं. तिला जेवून आलं की झोप येती, म्हणून सैल हाय. हे रावजीचं. त्यानं रागानं वडलंय, सिद्धनाथनं त्याची गाठी मोडली म्हणून. हितं बघा, हितं बजीनं त्याला चणे दिलं, मग त्यो हसला, मग सूत नीट आलंय. हितं पाल पडली. सगळी उठून पळाली. म्हणून हितं भोक हाय.”

ती बोलत राहिली. गल्लीत खटका नव्हता. गुरुबसप्पांचं बोट ती नेईल तिथं जात होतं. मला त्यांची मांडी कळत होती, आधी ती ताठ होती, मग हळूहळू सैल झाली. त्यांच्या घरात दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत माग चालायचा. निंगव्वा घरात काय बोलते, किती बोलते, हे त्या आवाजात त्यांना कधी ऐकू आलंच नसेल. आज पहिल्यांदा ती बोलत होती आणि माग झोपलेला होता.

शेवटी ती त्या सरळ पट्ट्यापाशी आली आणि थांबली.

“आन हे?” गुरुबसप्पांनी विचारलं.

“हे माझं.”

“हितं काय झालं?”

निंगव्वानं विचार केला. “हितं काय न्हाय झालं,” ती म्हणाली. “मी नुसती किनार बघत व्हते. तुमच्यावानी.”

गुरुबसप्पा त्या पट्ट्याकडं बघत राहिले. डोळ्यांनी. अंगठा त्यांनी उचलून घेतला होता.

बाईंना वाटलं, आता वेळ आली. त्या पुढं झाल्या आणि आनंदानं सांगू लागल्या की पाहिलंत ना, एवढ्याशा मुलीनं केवढी सरळ किनार काढली आहे.

“तिरकी हाय,” गुरुबसप्पा मान वर न करता म्हणाले.

बाईंना नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. त्यांनी पुन्हा मला निरखून बघितलं.

“तुमी शिकल्याल्या, बाई. पर किनारीतलं मला कळतं. तिरकी हाय. असल्या हातानं कांडी भरली तर माझं सूत जागोजाग तुटंल.” त्यांनी मला उचलून बाईंच्या हातात दिलं. “कच्ची हाय पोरगी. आजून एक वरीस ठेवून घ्या तुमच्याकडं.”

बाईंनी बोलायला तोंड उघडलं. खऱ्याला खरं म्हणायची त्यांची सवय. पण तेवढ्यात दानम्मानं मागून त्यांचा पदर इतक्या जोरात ओढला की त्या अर्धं पाऊल मागं आल्या. आणि मग, मित्रांनो, आमच्या बाईंना सगळं कळलं. त्यांनी तोंड मिटून घेतलं.

निंगव्वाला मात्र काही कळलं नाही. “सरळ हाय की, अप्पा,” ती म्हणाली.

“तिरकी हाय. पुढच्या वर्षी बघू.”

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ज्या माणसासारखं व्हावं म्हणून तिनं जीभ दातांत धरून तो पट्टा विणला होता, त्याच माणसानं तो नापास केला. गुरुबसप्पांनी ते पाणी बघितलं, आणि तरी ते बदलले नाहीत. रुमाल सावरत उठले आणि गल्लीत चालते झाले. सोलापुरातला सगळ्यात खरा अंगठा त्या दिवशी खोटं बोलला. ते खोटं किती जड होतं, हे ते जाताना त्यांच्या पाठीवरून मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी पाडवा. अमावास्या सरली, सूर्य वर आला, आणि मठाचं दार उघडायच्या आधीच गुरुबसप्पा पायरीशी उभे होते. एका हाताला धुसफुसणारी निंगव्वा, दुसऱ्या हाताला सिद्धनाथ, डोळे चोळत. त्यांनीच त्याला टांगेवाल्याच्या घरून उठवून आणलं होतं. मला कोनाड्यातून काढून त्यांनी सिद्धनाथच्या मांडीवर ठेवलं. “मुहूर्त हाय, चल,” म्हणाले. सिद्धनाथनं खोकत, मध्येच हसत, शेवटचा पट्टा विणला. त्याला धोटा कुठून घालायचा ते निंगव्वा सांगत होती, आणि सांगता सांगता तिचा रुसवा कुठं गेला हे तिलाही कळलं नाही. मग गुरुबसप्पांनी कनवटीला लावून आणलेली आपली कात्री काढली आणि गुढीसाठी कापड माझ्यावरून उतरवलं. खऱ्या विणकरानं माझं कापड उतरवलं, असं माझ्या आयुष्यात तेवढ्या एकदाच घडलं.

त्या घरात पाडव्याला रहाटाचा मुहूर्त झाला नाही. पण माग काही उपाशी राहणारा नव्हता. दानम्माचे हात तर आधीच पुरत नव्हते. मग ते काम कुणी केलं?

मुलं वर्गात सगळ्या घरांच्या गोष्टी आणतात, त्यातून मला कळलं. रोज पहाटे, मागावर बसायच्या आधी, गुरुबसप्पा स्वतः रहाट पुढ्यात घेऊन कांड्या भरू लागले. गल्लीतला नावाजलेला विणकर, आणि पोरासोरांचं काम करतोय. लोक काय सोडतात? पाण्याला जाणाऱ्या बायका हसत. शेजारचा तिप्पण्णा तर दारात उभा राहून मोठ्यानं विचारी, “काय गुरुबसप्पा, सासूरवाशीण झालास व्हय?”

गुरुबसप्पा रहाट थांबवत नसत. “काय करतूस,” ते म्हणत. “पोरीची किनार तिरकी हाय.”

वर्षभर ते हेच उत्तर देत राहिले.

पुढच्या पाडव्याला निंगव्वा रहाटावर बसली, हेही मी लपवत नाही. कामाच्या घरात काम येतंच. पण तोवर तिला पाटीवर नाव काढता येऊ लागलं होतं, आणि सकाळी आधी मुलींची शाळा, मग रहाट, असं दानम्मानं घरात ठरवून टाकलं होतं. तिला एक वसंत जास्त मिळाला. त्या वसंतात तिनं माझ्यावर दुसरा पट्टा विणला. त्याची कड नदीसारखी वळणं घेत गेली होती, आणि प्रत्येक वळणावर तिला सांगायला काहीतरी होतं.

आता मी म्हातारा झालो आहे. माझे निम्मे खिळे पडले आहेत. बाई दर शिवरात्रीला मला तेल लावतात, आणि हल्ली झोळीतून उतरलेली त्यांची लेक मला मांडीवर घेते. मित्रांनो, तुमच्या घरी कुठं कोनाड्यात, खिडकीत, माळ्यावर माझ्यासारखं लहान मुलांच्या हातचं काही पडलं असेल, तर त्याला एकदा खाली काढा. पुसा, चार थेंब तेल लावा, आणि एखाद्या धाकट्याच्या मांडीवर ठेवा. त्याचं सूत सैल पडेल, वाकडं जाईल. जाऊ द्या. आणि जवळ बसणाऱ्या मोठ्यांनो, त्याच्यापाशी बसाल तेव्हा थोडा वेळ आपलं काम बंद ठेवून बसा. ते काय सांगतं आहे ते ऐका.